हात वर, पाय खाली

चौकातल्या पोलिसाचा हात वर गेला, की आमच्या चाचांचा डावा पाय खाली यायचा. जणू दोन्ही एकाच दोरीला बांधलेले. सायकल पुरती थांबलेली, पाय रस्त्याच्या कडेच्या दगडावर, कोपरं हँडलवर टेकलेली आणि नजर पोलिसाच्या तळव्यावर. जाणारायेणारा कोणी विचारायचा, "काय चाचा, थांबलात?" मान न वळवता चाचा सांगायचे, "हात वर, पाय खाली." त्यापुढं एक शब्द नाही.

चाचा म्हणजे आमच्या नगरच्या तार ऑफिसातले तारवाले. मी तिथं तारबाबू होतो. यंत्राची कट्टकट्ट ऐकून तार कागदावर उतरवायची आणि पाकिटात घालायची हे माझं काम. ते पाकीट लाल सायकलीवरून ज्याचं त्याला नेऊन द्यायचं, हे चाचांचं. त्यांना नाव होतं, हजेरीपटावर ते मी रोज वाचायचो. पण पोस्टमास्तरांपासून बोळातल्या पोरांपर्यंत सगळे चाचाच म्हणत, तेव्हा इथंही तेच राहू दे.

उंच, काटकुळा माणूस. मेंदी लावलेली दाढी. खाकी कोटाचं एकही बटण मी कधी उघडं पाहिलं नाही, अगदी वैशाखातसुद्धा. विजारीच्या पायाला चाप लावलेला असायचा आणि तो चाप सायकलीवरून उतरल्यावर ते काढून खिशात ठेवत, चढताना पुन्हा लावत. दिवसातून वीसदा उतरले तर वीसदा. "राहू द्या की हो तसाच," असं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "चाप सायकलीचा हाय बाबू. मानसाच्या दारात मानसासारखं जावं."

आता तुम्ही म्हणाल, पोलिसाच्या हाताला थांबला, यात कौतुक ते काय? तुम्ही त्या काळचं नगर पाहिलेलं नसणार. लढाई सुरू झाली आणि कॅम्पातल्या लष्करी लॉऱ्या गावातून धुरळा उडवत जायला लागल्या, तेव्हा कुठं आमच्या चौकाच्या मधोमध एक गोल लाकडी चौथरा आला आणि त्यावर एक पोलीस उभा राहिला. टांगेवाले थांबत, कारण टांग्याला नंबर असतो. बैलगाड्या थांबत, कारण बैलांना थांबायला कारणच हवं असतं. पण सायकलवाला? छे. विणकर, गवळी, कॅम्पातले कारकून, कॉलेजातली मुलं, सगळे त्या वर केलेल्या हाताच्या काखेखालून निघून जायचे.

आणि आम्हा सायकलवाल्यांचं त्यावर शास्त्र होतं. त्या शास्त्राचा मुख्य पंडित मीच, हे कबूल करतो. जी खांद्यावर टाकून जिना चढवता येते ती वस्तू वाहन कशी? वाहन नाही, तर पोलिसाचा हात तिला लागू कसा? सायकलवाला म्हणजे चाकांवर बसलेला पायी माणूस. शिवाय थांबलं की जोर मोडतो, पुन्हा पॅडल मारायला दुप्पट श्रम. ते काय सरकार देणार? माझ्या सायकलीला एकच ब्रेक होता आणि तोही मनात आलं तर लागायचा, ही गोष्ट मी शास्त्रात घेतली नव्हती.

एकदा आम्ही हा वाद पोस्टमास्तरांपुढं नेला. सबंध हिंदुस्थानात त्यांच्याइतका सावध माणूस नसेल. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, "हा प्रश्न आपल्या खात्याचा नाही." मग थोडा विचार करून म्हणाले, "पण असेल तर वर लिहून विचारावं लागेल."

चौकातला तो हवालदार कर्जतकडचा. तिशी उलटलेली, आवाज डफासारखा आणि मन लोण्यासारखं. "ओ सायकल!" असा ओरडायचा, की दुकानातली पोरं दचकायची; सायकलवाले मात्र हसत पुढं जायचे. कोणी हाती लागलाच तर त्याला तो पाच मिनिटं उपदेश करायचा आणि सोडून द्यायचा. त्या पाच मिनिटांत आणखी दहाजण मागून निसटायचे.

चाचांची कमाल अशी, की हवालदार जागेवर नसला तरी ते थांबायचे. दुपारी तो समोरच्या हॉटेलात चहाला जायचा. चौथरा रिकामा. चाचा यायचे, पाय खाली, डावीकडं बघायचे, उजवीकडं बघायचे, एक श्वास घ्यायचे आणि मग निघायचे. मी शेजारून जाताना एकदा ओरडलो, "चाचा, तिथं कोणी नाही!"

"हवालदार च्या प्यायला गेलाय," चाचा म्हणाले. "त्याचा हात न्हाई गेला."

एका दुपारी त्या रिकाम्या चौथऱ्यावर कोणाची तरी शेळी चढून रवंथ करत उभी होती. चाचा तिच्यासमोरही थांबले. हॉटेलातल्या लोकांना आठवडाभर पुरेल एवढा विषय मिळाला. चाचांना तार ऑफिसात येईपर्यंत चौघांनी विचारलं, की शेळीला सलाम केला का. चाचा शांतपणे म्हणाले, "तिनं हात केला न्हाई. म्हनून लगेच निगालो."

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण त्यांचं दुसरं एक वागणं होतं, त्याला कोणी हसत नसे. त्या दिवसांत नगर जिल्ह्यातल्या किती घरांतली मुलं लष्करात होती, हे तुम्हाला त्या वेळच्या कोणीही सांगितलं असेल. लाल सायकल बोळाच्या तोंडाशी दिसली की बायका चुलीवरचं तसंच टाकून दारात यायच्या. पाकीट हातात पडायच्या आधीच रडारड. आत "मुलगा झाला" असं असलं तरी आधी रडून घ्यायचं, मग वाचायचं. तार म्हणजे वाईटच, असा आमच्याकडचा समज.

चाचांना इंग्रजी येत नव्हतं आणि तारा सगळ्या इंग्रजीत; पत्ता तेवढा मी पाकिटावर मराठीत लिहायचो. मला विचारलं असतं तर मी गुपचूप सांगितलं असतं. त्यांच्या आधीचा तारवाला विचारायचा आणि आनंदाची तार असली की दारात बक्षीस मिळवायचा. चाचांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"बाबू, आत काय हाय ते मला सांगायचं न्हाई. मला कळलं तर माझ्या पायाला कळंल. पायाला कळलं तर सायकल हळू न्हाई तर बिगी जाईल. अन् सायकलीची चाल बदलली की समदी गल्ली ओळखती."

म्हणून त्यांची सायकल सदा एकाच चालीनं जायची. लग्नाची तार असो, मरणाची असो. कोणी दारात विचारलंच, "चाचा, काय हो आहे आत?" तर म्हणायचे, "मला म्हाईत न्हाई, बाई." आणि ते खरं असायचं. खोटं न बोलता हे वाक्य म्हणता यावं, म्हणूनच त्यांनी सगळी तजवीज करून ठेवली होती. ती मला तेव्हा नीट कळली नव्हती. नुसता हट्टी म्हातारा, असं वाटायचं.

मग ती पारनेरकडची बाई आली.

पन्नाशीची असेल. हिरवं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू. तिचा एकुलता एक मुलगा, संपत, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता. हाताला गोळी लागून तो पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आला आहे, असं पत्र तिला मिळालं होतं. चार वर्षांत तिनं त्याला पाहिलेलं नव्हतं. नगरला बहिणीच्या घरी येऊन राहिली होती आणि रोज सकाळी आमच्या ऑफिसच्या ओट्यावर येऊन बसायची. चाचा निघताना विचारायची, "भाऊ, माझी हाय का?" चाचा पिशवीत बघितल्यासारखं करायचे, जरी पिशवीत काय आहे ते त्यांना पाठ असायचं. "आज न्हाई, बाई." दहा-बारा दिवस हे चाललं.

एके दिवशी सकाळी ती म्हणाली, "आता न्हाई धीर धरवत, भाऊ. आज साडेचारच्या मोटारीनं पुन्याला जाते. तितं कुनी न कुनी सांगंलच दवाखाना कुटं हाय त्ये."

"पुनं लई मोठं हाय, बाई," चाचा म्हणाले.

"मोठं आसंना का. पोरगं माझंच हाय न्हवं."

त्याच दिवशी दुपारी मी चौकात पकडला गेलो. हवालदारानं माझ्या सायकलीचं कॅरिअर धरलं, पाच मिनिटांचा उपदेश पाजला आणि मला सोडलं. मी ऑफिसात आलो तो शास्त्राच्या सगळ्या पोथ्या उघडूनच. ओट्यावर पोस्टमास्तर आणि बचत खात्याचे कारकून चहा घेत होते. मी वाद सुरू केला आणि इतक्यात आत यंत्र वाजलं. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी आत जाऊन तार उतरवली. पुण्याहून होती. लिहिताना अर्थ डोक्यात शिरत नाही, हात आपला लिहीत जातो. हे तारबाबूच जाणे. पाकिटात घातली, वर पत्ता आणि वेळ टाकली, पाकिटावर शिशाचं वजन ठेवलं आणि "दोन मिनिटांत येतो" असं स्वतःलाच सांगून मी बाहेर गेलो. कारकुनाचा एक मुद्दा खोडायचा राहिला होता.

मुद्दा मी खोडला. त्यानं दुसरा काढला. तोही खोडला. सायकलवाल्यानं पोलिसाच्या हाताला थांबू नये, हे मी त्या दिवशी जितकं चांगलं सिद्ध केलं तितकं पुन्हा कधी जमलं नाही. घड्याळात चारचे ठोके पडले, माझी पाळी संपली, आणि टोपी घ्यायला म्हणून मी आत गेलो तेव्हा ते पाकीट वजनाखाली तसंच होतं. वरचा पत्ता मी आता वाचला. पत्ता त्या बाईच्या बहिणीच्या घरचा होता. आत काय लिहिलं होतं ते तेव्हा आठवलं.

संपतला पुण्याहून उत्तरेकडच्या दवाखान्यात हलवत होते. त्याच दिवशी. गाडी दौंडवरून साडेपाचला नगरला येणार होती. "उत्तरेच्या दवाखान्यात हलवतायत. आज संध्याकाळच्या गाडीनं नगरवरून जातोय. स्टेशनवर ये." एवढीच तार. आणि साडेचारला ही बाई मोटारीत बसून पुण्याला निघणार. आई पुण्याच्या वाटेवर आणि मुलगा तिच्या पाठीमागून नगरच्या स्टेशनावरून निघून जाणार. पुन्हा केव्हा भेटतील, कोणी सांगावं?

चाचा दाराशी स्टुलावर बसले होते. चाळीस मिनिटं बसलेले होते. बाबूनं हाक मारल्याशिवाय तारवाल्यानं टेबलाशी यायचं नाही, हा नियम. मी हाक मारली तसे ते आले, पाकीट घेतलं, वरची वेळ पाहिली. इंग्रजी आकडे त्यांना वाचता येत. माझ्याकडं पाहिलं आणि पाकीट पिशवीत ठेवलं.

"चाचा, आज घाई करा," मी म्हणालो.

"तारंला समदी घाईच असती, बाबू."

"तसं नाही हो. तार त्या पारनेरच्या बाईची. तिचा मुलगा साडेपाचच्या गाडीनं नगरवरून जातोय. तिला मोटारीत बसू द्यायचं नाही." कानावर हात ठेवायला त्यांना उशीर झाला होता. त्यांचा हात कोटाच्या वरच्या बटणाशी गेला आणि तिथंच राहिला. असा गोंधळलेला माणूस मी क्वचित पाहिला आहे. "मी पुढं जातो, तिला घरी थांबवून ठेवतो. तुम्ही मागून तार घेऊन या," असं म्हणत मी सायकलीवर उडी मारली. ते चाप लावत होते.

चौकात आलो तर हात वर. कॅम्पाच्या लॉऱ्यांची रांग चालली होती, शेवट दिसत नव्हता. मी काय थांबतो? दोन लॉऱ्यांमध्ये फट दिसली तशी सायकल घातली. कोणी तरी शिवी दिली, हवालदारानं "ओ सायकल!" केलं, आणि मी पलीकडं. वळून पाहिलं तर चाचा मागून चौकाशी पोचले होते. नेहमीच्या चालीनं आलेले. डावा पाय दगडावर.

"चाचा, निघा! आज तरी निघा!" मी जीव तोडून ओरडलो. लॉऱ्यांच्या आवाजात त्यांचं उत्तर ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. चार शब्द. तुम्हाला माहीतच आहेत. तेव्हा मला त्या माणसाचा जो राग आला, तसा राग मला आयुष्यात फार थोड्या लोकांचा आला आहे, आणि खरं सांगायचं तर तो सगळा माझा मलाच आलेला होता.

बहिणीच्या घराला कुलूप होतं. शेजारीण ओट्यावर तांदूळ निवडत होती. "त्या व्हय? आत्ताच टांग्यात बसून गेल्या की. वरल्या अंगानं."

वरल्या अंगानं म्हणजे बोळाच्या दुसऱ्या तोंडानं. ती वाटही चौकातच येते, पण बाजूनं. मी सायकल वळवली आणि पॅडल मारत सुटलो. मोटारीच्या अड्ड्यावर तरी गाठू, एवढंच डोक्यात होतं.

चौकाशी आलो आणि पाहतो तर सगळा चौक थांबलेला. लॉऱ्या कधीच निघून गेल्या होत्या. तरी हवालदाराचा हात वरच. टांगे थांबलेले, गाड्या थांबलेल्या, कोणा साहेबाची मोटार भोंगा वाजवत उभी, आणि सायकलवालेसुद्धा, जन्मात पहिल्यांदा, काय झालं म्हणून एक पाय खाली टेकून उभे. मला वाटलं, अपघात झाला. चाचाच लॉरीखाली गेले, असंही वाटलं.

मधे काय घडलं ते हवालदारानं मला मागाहून सांगितलं. लॉऱ्यांची रांग संपत आली होती. त्याच हातामुळं बाजूच्या रस्त्यावर एक टांगा येऊन उभा राहिला होता. चाचांना हिरवं लुगडं दिसलं. मांडीवर भाकरीचं गाठोडं धरून ती बाई बसलेली. हवालदार हात खाली घेणार, टांगा निघणार. आणि ज्या माणसानं चार वर्षांत त्याच्याशी एक शब्द काढला नव्हता, तो माणूस कडेवरून मोठ्यानं म्हणाला, "हवालदारसाहेब, हात खाली घिऊ नका."

हवालदार मला म्हणाला, "मी का म्हनून इचारलं बी न्हाई. त्यो मानूस रोज माझं ऐकतो. एक डाव म्या ऐकाया नको?"

चाचांनी सायकल दगडाला टेकवली. चाप काढून खिशात ठेवला. आणि चालत टांग्याशी गेले.

मी पोचलो तो इथं. चाचांच्या हातात पाकीट पाहून बाईनं तोंडावर पदर घेतला होता आणि रडायला सुरुवात केली होती. घोडा बिचकत होता. टांगेवाल्यानं लगाम ओढून धरला होता. चाचांनी टांग्याच्या दांडीवर हात ठेवला.

"रडू नका बाई," ते म्हणाले. "रोज मला म्हाईत नसतं. आज म्हाईत हाय."

तिनं पदर बाजूला केला. त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिली. तार पाकिटातच होती, पण तिला काय हवं ते तिला तिथंच मिळालं, हे मी पाहिलं. मग चाचांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "बाबू आले. बाबू, वाचा."

मी वाचून दाखवलं. एकदा, मग पुन्हा एकदा, कारण दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय तिचा विश्वास बसेना. "आज? हितं? नगरला?" ती विचारत होती आणि टांगेवालाच तिला सांगत होता, "व्हय मावशी, हितंच. मी नेतो न्हवं टेसनावर."

टांगा वळणार, तेवढ्यात चाचा म्हणाले, "थांबा. अंगठा."

साहेबाच्या मोटारीचा भोंगा सारखा वाजत होता. मी म्हणालो, "चाचा, राहू द्या आज. मी लिहून घेईन." पण ते पावती पुढं करून उभे. शाईच्या पेन्सिलीचं टोक त्यांनी थुंकीनं ओलं केलं, बाईच्या अंगठ्याला चोळलं आणि तिचा अंगठा पावतीवर हलकेच दाबला. मग पावती माझ्याकडं देत म्हणाले, "वेळ घाला, बाबू." मी चार वाजून सतरा मिनिटं अशी वेळ घातली.

हवालदाराचा हात थरथरत होता, पण खाली आला नव्हता. त्यानं आधी टांगा स्टेशनच्या रस्त्याला जाऊ दिला, मग चाचांना सायकलीपर्यंत जाऊ दिलं, आणि मग हात खाली घेऊन दुसऱ्या हातानं खांदा चोळला. साहेबाच्या ड्रायव्हरनं जाता जाता काहीतरी बडबड केली. हवालदार म्हणाला, "तार चालली व्हती. दिसलं न्हाई व्हय?"

चाचांची पाळी संपली नव्हती, ते ऑफिसात परत गेले. मी स्टेशनवर गेलो. गाडी वेळेवर आली. संपत खिडकीशी होता. उजवा हात गळ्यात बांधलेला. गाडी पंधरा मिनिटं थांबली. बाईनं गाठोडं सोडलं, बाजरीच्या भाकरीचे तुकडे चटणीला लावले आणि खिडकीतून त्याच्या तोंडात भरवले. तो खात होता आणि ती बघत होती. शिट्टी झाली तशी उरलेली भाकरी तिनं फडक्यासकट आत दिली. गाडी गेल्यावर माझ्याकडं वळून म्हणाली, "वाळलाय. पर दात चांगले हायती." आणि मनापासून हसली.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना म्हणालो, "तुम्ही थांबलात म्हणून ती भेटली. माझ्यासारखे निसटला असतात तर तुम्हीही कुलूप बघून आला असतात." मला वाटलं, खूश होतील.

चाचा चाप लावत होते. खाली मान घालूनच म्हणाले, "मी थांबलो ती दोन मिनिटं व्हती, बाबू. तुमची चाळीस."

एवढंच म्हणाले, आणि पुन्हा त्याचा उल्लेख कधी केला नाही. मला तेवढं पुरलं. आजही पुरतं आहे.

थोड्या दिवसांनी मी धीर करून विचारलं, की तुम्ही एवढे थांबता ते का? पोलिसाला भिता? त्यावर ते हसले. "भितोय कशाला? बाबू, तुमी कदी हात वर धरून हुबं ऱ्हायलायत का? उनात? धरून बगा. लोकं मानत आसली तर हात हलका ऱ्हातो. कुनीच मानंना झालं तर लई जड हुतो." मग म्हणाले, "मी दारात गेलो की लोकं तोंड फिरवितात. त्याच्याकडं बी कुनी बगत न्हाई. म्हनलं, आपन तरी एकमेकाकडं बगावं."

मी घरी जाऊन खरंच हात वर धरून उभा राहिलो. घड्याळ लावून. दुसऱ्या मिनिटाला खांदा बोलायला लागला. बायकोनं स्वयंपाकघरातून पाहिलं आणि विचारलं, "कोणाला अडवताय?"

तेव्हापासून मी चौकात थांबायला लागलो. पहिल्या दिवशी हवालदार मला पाहून इतका चकित झाला, की हात खाली घ्यायचंच विसरला. चाचा डावीकडं, दगडाशी. ती त्यांची जागा. मी त्यांच्या उजव्या हाताला. कधी एकमेकांशी बोलायचो नाही. दोन पाय खाली, एक हात वर. हॉटेलातल्या लोकांनी माझी शेळीपेक्षा जास्त थट्टा केली. माझ्या शास्त्राचे जुने शिष्य बाजूनं निसटताना टाळ्या पिटायचे. पण हळूहळू एक गवळी थांबायला लागला, मग कॉलेजातले दोघे. सगळं नगर सुधारलं असं मी म्हणणार नाही. नगरला तशी सवय नाही.

लढाई संपली, स्वातंत्र्य आलं, लॉऱ्या कमी झाल्या. चाचा निवृत्त झाले. सायकल सरकारची, ती त्यांनी पुसून जमा केली. चाप मात्र त्यांचा स्वतःचा होता; तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि पायी घरी निघाले. मी दारात उभा राहून पाहत होतो. चौकापर्यंत रस्ता सरळ दिसतो. हवालदाराचा हात वर होता आणि चाचा दगडाशी थांबले. पायी माणसाला थांबायचं कारण नव्हतं. हवालदारानं त्यांना तसं पायी पाहिलं. हात खाली आला आणि कपाळाला लागला.

महिन्याभरानं हवालदार आमच्या ऑफिसात आला. नवा तारवाला चपळ पोरगा होता, हाताखालून मासोळीसारखा निसटायचा. मला वाटलं, त्याची तक्रार घेऊन आला असेल. हवालदार टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "तक्रार न्हाई हो. चाचा बरं हायत का, येवढंच इचारायला आलो. सकाळच्याला हात वर केला की त्यांच्या दगडाकडं नजर जाती."

चाचा पुढं तीन-चार वर्षांत गेले. माझी बदली अकोल्याला झालेली, मला कळलं तेही उशिरा आणि पत्रानं. तार कोणी केली नाही. घरच्यांना चाचांनीच सांगून ठेवलं होतं, की माझ्यापायी कोणाच्या दारात लाल सायकल पाठवू नका.

आता मी पुन्हा नगरला आहे. सायकल अजून चालवतो, तिला दोन्ही ब्रेक आहेत, आणि विजारीला चाचांचा चाप. चौकात नवा पोलीस असतो, त्याचा-माझा परिचय नाही. त्याचा हात वर गेला की माझा पाय खाली येतो. फक्त मी दगडाशी जात नाही. डाव्या हाताला एका सायकलीपुरती जागा सोडून उभा राहतो. मागून कोणी तिथं घुसायला लागला, की मी त्याला हातानंच थांबवतो.